चौथं दुकान

दुकानं तीनच. स्किप्टन, ऑटली, इल्कली.
मिसेस हार्डकॅसलच्या आजेसासऱ्यांनी काढलेली:
खिळेमोळे, किटल्या, कुदळी, पाखरांचे दाणे,
धुराडं साफ करायचे लांब दांड्याचे ब्रश.
मी ऑटलीच्या माडीवर बसते, हीटरला पाय टेकून,
आणि तिघांचा साठा वेगवेगळा ठेवते.

वेगवेगळा म्हणजे वेगवेगळा.
एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या बादल्या,
पण स्किप्टनची बादली ऑटलीनं विकायची नाही.
पडद्यावर त्या बहिणी नव्हेत,
फार तर चुलत.

पूर्वी एकच आकडा असायचा. कंदील: छत्तीस.
कुठे छत्तीस, ते कुणी सांगेना.
इल्कलीत गिऱ्हाईक उभं, पडद्यावर छत्तीस,
फळीवर धूळ.
मग एप्रिलातल्या एका रविवारी मी तीन रकाने पाडले,
बाहेर गारा, आत मी आणि बॅरी
किलोकिलोनं खिळे तोलत.

बॅरीचा या यंत्रावर विश्वास नाही.
चांगल्या चीजवस्तूतले दोन-दोन तो काउंटरखाली सारतो,
ओळखीच्यांसाठी.
त्यामुळे स्किप्टनचं शून्य हे शून्य नसतं,
ते बॅरीचं शून्य असतं.
मी मनातल्या मनात त्यात दोन मिळवते.

गिलियनचं इल्कलीत उलट.
माल पोचायच्या आधीच ती विकून मोकळी.
शिल्लक: उणे तीन किटल्या.
पहिल्या वर्षी मी अंथरुणात पडून त्या बघायचे,
फळीवरचे तीन गोल खळगे,
आणि त्यांतून निघणारी वाफ.

कराडला बाबांचं भांड्यांचं दुकान होतं.
लग्नसराईत ते मशिननं नावं घालायचे.
सुई थरथरत जायची पातेल्याच्या काठावरून:
चि. सौ. कां. विमल, सप्रेम भेट, तारीख.
मग पातेलं कुणाच्या बारशाला जावो, तेराव्याला जावो,
शेजारणीकडे वर्षभर अडकून पडो,
त्याचं नाव त्याच्याजवळ.
बाबांना रकाने लागले नाहीत.
(एका आळीत दोन विमल निघाल्या, तेव्हा मात्र
प्रकरण कोर्टात जाता जाता राहिलं.)

चौथं दुकान हार्डकॅसलांचं नाही.
ते मीच उघडलं एका दुपारी. नाव टाकलं: वाटेत.
एकीकडून निघालेलं, दुसरीकडे न पोचलेलं,
ते सगळं तिथे.
पत्ता नाही, भाडं नाही, दारावर घंटी नाही.
कीथ व्हॅन काढतो तेव्हा ते भरतं,
चार वाजता रिकामं होतं.

सतरा नोव्हेंबरला स्किप्टनहून सहा कंदील निघाले.
इल्कलीत पाच उतरले.
कीथ म्हणाला, पाचच चढवले होते.
बॅरी म्हणाला, सहा, मी स्वतः मोजले.
मी वाकून त्याच्या काउंटरखाली पाहिलं:
दोन ब्रश, दोन थर्मास,
एक बायकी चष्मा, रुमालात गुंडाळलेला.
चष्म्याचं मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत कीथ निवृत्त झाला. व्हॅन विकली.
मिसेस हार्डकॅसल म्हणाल्या, टाक गं नुकसानीत,
सव्वीस पौंडांसाठी कशाला जिवाला घोर.
बरं म्हटलं. पान उघडलं. कारण निवडा:
चोरी. मोडतोड. मोजणीतली चूक.
यातलं एकही मला लिहवेना.
पान मिटलं.

तेव्हापासून दर महिनाअखेरीस तो एक पुढे ओढते,
शाळेत बेरजेला हातचा धरायचो तसा,
बोट दुमडून.

परवा बॅरीचा फोन आला.
गिऱ्हाईक कंदील मागतंय, आमच्याकडे शून्य,
(खरंच शून्य, तो म्हणाला, खालीसुद्धा)
पण पडद्यावर कुठेतरी एक दिसतोय.
आहे, मी म्हटलं.
पण आज नाही मिळायचा, सांग त्यांना.